घरगाडीचं दार आणि अण्णांचं माप

गव्हाच्या पोत्याला टोपी घालण्याची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. बायको आजही चारचौघांत हा किस्सा सांगताना 'ह्यांनी' या शब्दावर असा जोर देते, की ऐकणाऱ्याला वाटावं मी पोतं नव्हे, माझ्या वडिलांनाच भर रस्त्यात टाकून आलो. तसं झालं नाही. पण होता होता राहिलं, आणि त्या दसऱ्याच्या आधीचे चार दिवस माझ्या घशाखाली धड घास उतरत नव्हता, हे तिला कुणी सांगत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होतो. टूलरूम म्हणजे कारखान्यातलं देवघर. तिथं केसाच्या जाडीचा फरक म्हणजे घोडचूक. हाताला सवय अशी की घरी पोळी तव्यावर तिरकी पडली तरी मला चैन पडायचं नाही. आणि संध्याकाळी कामगारांच्या नाटकांत कामं करायचो, त्यामुळे साधं 'चहा झाला का' सुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी. जुन्या नाशकात एका बोळाच्या तोंडाशी त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवलं. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. उशीला टेकवून बसवलं तरी हळूहळू कलंडायचे, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ आडवे.

त्यांची थोरली बहीण सटाण्याला. अण्णांची आई लहानपणीच गेली, तेव्हा या बहिणीनं त्यांना वाढवलं. कमावायला लागल्यापासून दर दसऱ्याला अण्णा एसटीनं सटाण्याला जायचे आणि तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवूनच सोनं वाटायला सुरुवात करायचे. दुखण्यामुळे दोन दसरे चुकले. त्या वर्षी आत्याचा निरोप आला. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. पुढच्या दसऱ्याची वाट बघायला मला सांगू नका, असं तिनं कळवलं होतं.

निरोप ऐकून अण्णा म्हणाले, "जायचं."

न्यायचं कसं? जीपमध्ये त्यांना बसवत नव्हतं. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तर त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा पेला उडवला. मग तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की आक्काच्या दारात रुग्णवाहिका थांबली तर ती उंबऱ्यातच जीव सोडेल.

आता घरगाडी. देवळालीला एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांच्या बंगल्यामागे ती वर्षानुवर्षं उभी होती. साठ सालच्या आसपास त्यांनी हौसेनं बांधून घेतलेली. खाली विलायती गाडी, वर सागवानी सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. आत आडवा पलंग, एवढंसं बेसिन, कपाट, स्टोव्हला कप्पा, खिडक्यांना पडदे. बंगला विकायला निघाला तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी पोहोचलो. इंजिन चालू करायला मला सहा महिने लागले आणि बायकोला माझ्याशी बोलायला सुरुवात करायला सात.

अण्णांसाठी ही गाडी म्हणजे अगदी मापाचा अंगरखा होता. पडून जाता येणार, वर पडदे लावलेल्या घरातून बहिणीच्या दारात उतरणार. एकच अडचण. गाडीचं मागच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं.

आणि दार होतं कुठं? डाव्या बाजूला, बरोबर पलंगाच्या पायथ्याशी. अण्णा झोपले की त्यांचे तळवे दारापासून वीतभर. गाडी उजवीकडे वळली की आतलं सगळं डावीकडे, म्हणजे दाराकडे सरकायचं. दार उघडं पडलं तर काय होईल, ते मी मनातसुद्धा पूर्ण करत नव्हतो.

मी टूलरूमच्या शिस्तीनं कामाला लागलो. आमच्याकडे कुठलाही जॉब हातात घेतला की पहिलं काम म्हणजे तो पातळीत आणायचा. मी गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत ठोकळ्यांखाली पत्र्याचे तुकडे घालत राहिलो. मग खटक्याची स्प्रिंग बदलली. दार लावलं. टक्! असा गोड आवाज आला की मी शेजाऱ्यांना ऐकायला बोलावलं. गाडी खाली उतरवली, अंबडला चक्कर मारली, तर खड्ड्यात दार उघडलं.

पुन्हा ठोकळे, पुन्हा बुडबुडा. या वेळी बिजागऱ्यांखाली वॉशर घातले. टक्! चक्कर, आणि दार उघडं. तिसऱ्या वेळी चौकटीवरची पितळी पट्टी, जिच्या मागे खटका अडकतो, तिची भोकं कानशीनं लांबट केली. पट्टी वरखाली सरकवता येईल अशी सोय करून ती अगदी केसावर बसवली. हे झालं खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी.

आमच्या घरची खंडेनवमी अण्णांच्या कायद्यानं चालायची. सकाळी सगळी अवजारं पाटावर मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. दिवाळीची शिलाई अंगावर आलेली असताना, दुकानापुढे गिऱ्हाइकं आरडाओरडा करत असताना अण्णा त्या दिवशी हाताची घडी घालून बसून राहायचे. वर्षभर राबतं ते, त्याला एक दिवस द्यायचा, एवढंच उत्तर. त्या सकाळी त्यांनी पलंगावरून नजरेनं पूजा करवून घेतली. त्यांची मोठी कात्री, इस्त्री, बोटातलं अंगुस्तान, आणि शेजारी माझे पान्हे, कानशी, पेचकस, जॅकचा दांडा. मी एक छोटा पेचकस खिशात राहू दिला होता. त्यांनी माझ्या खिशाकडे नुसतं पाहिलं. मी तोही पाटावर ठेवला.

पूजा झाल्यावर मी जाहीर केलं की आता अण्णांना एक चक्कर मारून आणतो. बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी गहू न्या. मग अण्णा."

म्हणून ते पोतं. जाडजूड, जवळपास अण्णांच्याच वजनाचं. ते आम्ही पलंगावर आडवं निजवलं. खबरदारी म्हणून दाराची आतली मूठ पलंगाच्या पायाला वाळवणाच्या दोरीनं करकचून बांधली. आणि मग मला मोह आवरला नाही. भूमिका करायची तर वेशभूषा हवी. अण्णांची पांढरी टोपी मी पोत्याच्या डोक्याला चढवली. माझ्याबरोबर कंपनीतला जोडीदार होता, शेजारच्या व्हाइसवर काम करणारा. तो म्हणाला, असली थट्टा अंगाशी येते. मी हसलो.

पाथर्डी फाट्याकडे रस्ता मोकळा होता. कारखाने पूजा करून बंद झालेले. कडेला मखमलाबादकडच्या बायका झेंडूचे ढीग मांडून बसलेल्या. मी उजवीकडे वळलो, जरा जोरातच, चाचणी आहे म्हणून. मागे आधी कर्र असा आवाज आला, मग एकदम वारा आत शिरला. आरशात पाहिलं तर पांढरी टोपी रस्त्यावरून गडगडत निघालेली.

मला माहीत होतं ते पोतं आहे. मीच ठेवलं होतं. तरी ब्रेक दाबताना माझ्या तोंडून "अण्णा" असा जो आवाज निघाला, तसा नंतर कुठल्याच नाटकात मला काढता आला नाही.

धावत गेलो. पोतं झेंडूच्या ढिगात शिरून फाटलं होतं. फुलवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांनी टोपी उचलली, झटकली, माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमचं म्हातारं फुटलंय, बघा."

लोक हसले. जोडीदारही हसला. मी मात्र गाडीत डोकावलो. गाडीत दोरी शाबूत होती, दोरीत बांधलेली मूठ शाबूत होती, फक्त मूठ दाराला नव्हती. स्क्रूसकट उपटून आली होती. म्हणजे बांधून न्यायचा मार्गही संपला.

घरी आलो. खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, पण माझ्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि हातात टोपी. सगळं सांगावं लागलं. आई देवासमोर जाऊन बसली. बायकोनं हळू आवाजात सांगितलं, की उद्या नको, आत्यांना निरोप पाठवू. मीही मान हलवली. दुरुस्त करायचं तर अवजारं पाटावर, आणि खरं सांगायचं तर अवजारं हातात असती तरी चौथ्यांदा काय वेगळं करायचं, ते मला कळत नव्हतं. तीनदा केसावर बसवलेलं दार तीनदा उघडलं होतं.

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या पाठीकडे बघत बसणं मला झेपेना. मी उठलो, पुन्हा बसलो. घरात श्रीखंडाचं पातेलं तसंच राहिलं.

चारच्या सुमारास भिंतीकडूनच आवाज आला. "माप कसं घेतलं?"

मी सांगितलं. ठोकळे, लेव्हल, बुडबुडा, सगळं. जरा अभिमानानंच.

"आत कोण होतं?"

आत कुणीच नव्हतं, मी म्हणालो. रिकामी गाडी, अगदी पातळीत.

त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडताहेत. मी धावत जाऊन त्यांना वळवलं, तर ते हसत होते. अर्धाच चेहरा हसायचा, पण पुरेपूर हसायचा. श्वास लागला तेव्हा थांबले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "गिऱ्हाईक सोडून... खुंटीला... माप घेतलंस?"

काय म्हणतात ते माझ्या डोक्यात उतरायला दोन क्षण लागले, आणि उतरलं तेव्हा कान तापले. गाडी पातळीत कधी नसतेच. वर्षानुवर्षं उभी राहून डावीकडच्या स्प्रिंगांचे पाटे बसले होते, गाडी दाराच्या अंगाला झुकलेली. त्यात माणसं, ट्रंका, पाण्याची पिंपं चढली की सागवानी सांगाडा आणखी पिळवटणार, चौकट तिरकी होणार, खटका पट्टीच्या टोकाला जेमतेम लटकणार. मी दरवेळी गाडी सरळ करून दार बसवत होतो आणि मग ती वाकडी करून पळवत होतो. टूलरूमच्या बाहेरच्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. आणि कुठलाही शिंपी ती करूच शकत नाही. शिंपी पॅन्टचं माप घेतल्यावर गिऱ्हाइकाला खाली बसायला लावतो.

"मला घाल आत," अण्णा म्हणाले.

मी नाही म्हणालो. उभ्या गाडीत का होईना, त्या दारापाशी त्यांना निजवायची माझी छाती होत नव्हती. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आयुष्यभर कात्री चालवलेला नसला तरी तो शिंप्याचाच हात होता. मी ऐकलं.

अंगणात गाडी आपल्या चाकांवर, होती तशी झुकलेली उभी होती. मी आणि जोडीदारानं अण्णांना उचलून पलंगावर निजवलं. आई उशाशी, बायको कडेच्या बाकावर. दोन ट्रंका, भरलेलं पिंप, उद्याचा फराळ, सगळं जागच्या जागी. माझ्या जागी जोडीदार ड्रायव्हरच्या सीटवर. बाहेर मी एकटा. दार लावलं. टक् झालं नाही. ठप् झालं. खटका लागल्यासारखा दिसत होता, पण हात लावताच दार हललं.

खिडकीतून अण्णांनी माझ्या बायकोकरवी मला एक वस्तू दिली. शिंप्याचा निळा खडू, चपटा, झिजलेला. हे अवजारात येतं का, असं मी विचारलं. त्यांनी निवाडा दिला, "झिजतं ते... अवजार नाही." माझी कानस चाळीस टक्के झिजलेली आहे हे मी बोललो नाही.

खडू खटक्यावर घासला, दार लावलं, उघडलं. पट्टीच्या अगदी खालच्या कडेवर निळी रेघ उमटली होती, नखाएवढी. म्हणजे माणसं बसली की दार दीड सूत, म्हणजे पाव इंचाहूनही कमी, खाली यायचं आणि खटका पट्टीच्या खालून जवळजवळ निसटायचा. एवढ्याशा रेघेवर माझ्या बापाचा जीव टांगलेला होता.

पट्टी दीड सूत खाली घ्यायची होती. भोकं मी आधीच लांबट केलेली, फक्त दोन स्क्रू सैल करायचे. पेचकस पाटावर, झेंडूखाली. माझ्या खिशात जुना जाडजूड रुपया होता आणि त्या पितळी स्क्रूंची खाच चांगली रुंद होती. मी रुपया काढला, खिडकीपाशी धरला आणि विचारलं, "अण्णा, हे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला... दिसत नाही काही."

रुपया दोनदा निसटला, बोटाची साल निघाली, पण स्क्रू फिरले. पट्टी खाली घेतली, खडू लावला, दार लावलं. रेघ पट्टीच्या मधोमध. स्क्रू आवळणार, तोच आतून हुकूम आला, "कच्ची शिलाई." म्हणजे आधी टाके घाल, फिरवून बघ, मग पक्कं कर. आणि फिरवून बघायचं म्हणजे ते स्वतः आत असताना.

आई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. एक पोतं फुटलं तेवढं पुरे नाही का, असं म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपला डावा, चालता पाय सरकवून दारावर टेकवला. तळवा सपाट. चाळीस वर्षं मशीनच्या पायडलवर असायचा तसा. मग मान हलवली, चालव म्हणून.

जोडीदारानं गाडी काढली. मी खाली, दार आणि पलंग यांच्यामधल्या जागेत अंग अडकवून बसलो. पोतं बाहेर पडायला जेवढी जागा पुरली होती, तेवढ्यात आता माझी पाठ होती. पाथर्डी फाटा आला. वळण आलं. ट्रंका सरकल्या, आईनं डोळे मिटले, माझ्या पाठीला दाराचा हादरा बसला. डोक्याच्या वर अण्णांचा पाय होता आणि तो पाय दाराची नाडी बघत होता. पुढच्या खड्ड्यात दार किंचित बोललं. अण्णा म्हणाले, "अजून... धागाभर." थांबून रुपयानं धागाभर खाली घेतलं. पुन्हा तेच वळण. दार गप्प. अण्णांचा पाय गप्प. मग ते म्हणाले, "पक्कं कर."

झेंडूवाल्या मावशी आमच्या या फेऱ्या बघत होत्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी हातातली माळ वर करून हलवली.

दसऱ्याच्या सकाळी निघालो. मी चालवत होतो, आई आणि बायको मागे. पिंपळगावापर्यंत मी कोणाशी बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे. भावडबारीच्या घाटात प्रत्येक उजव्या वळणाला माझा श्वास आपोआप थांबायचा. मागून काही आवाज आला की मी विचारायचो, आणि बायको म्हणायची, चमचा होता. पुढच्या वळणाला म्हणायची, तोच चमचा. घाट उतरून देवळ्याला आलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सटाण्यात आत्याच्या घरासमोर गाडी लावली. गल्ली गोळा झाली. आत्याला दोघांनी धरून ओट्यावर आणलेलं. एवढा प्रेक्षकवर्ग बघून मला राहवलं नाही. मी ऐटीत खाली उतरलो. आई नणंदेला भेटायला ड्रायव्हरच्या सीटमागच्या वाटेनं पुढे येऊन त्याच बाजूनं उतरली, तिच्या मागून बायको. आता मी गाडीला वळसा घालून गेलो, दाराची बाहेरची मूठ धरली, गल्लीकडे एकदा पाहिलं, आणि ओढली.

दार हललं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. नाही. आत अण्णा एकटे. बाहेर आत्या विचारत होती, कुठं आहे, कुठं आहे तो. मग कुणीतरी तिला खिडकीशी आणलं. तिनं जाळी बाजूला सारून हात आत घातला, चाचपडला, आणि तो दारावर टेकलेल्या पायावर पडला. तिनं अंगठा चाचपला, घोटा चाचपला.

"मन्हा भाऊ उना," माझा भाऊ आला, असं ती अहिराणीत म्हणाली.

आतून आवाज आला. रडण्याचा नव्हे. "अरे नाटक्या," अण्णा म्हणाले, "माप... बसवून घेतलं. मग... माणसं उतरवलीस कशाला?"

मी आई आणि बायकोला पुन्हा गाडीत कोंबलं. ड्रायव्हरच्या सीटवर आत्याच्या थोरल्या मुलाला बसवलं. माणसं उतरल्यावर चौकट उचलून खटका अडकला होता; आता गाडी पुन्हा तेवढीच झुकली. मग आत्याचा हात धरून दाराच्या मुठीवर ठेवला, आणि तिनं बोटानं ओढावं तसं ओढलं. टक्.

तिला आम्ही अलगद आत चढवलं. ती पलंगाच्या कडेला बसली. अण्णांच्या डाव्या मुठीत नाशकाहून आणलेलं आपट्याचं पान घामानं मऊ झालेलं होतं. ते त्यांनी तिच्या हातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली.

थोड्या वेळानं आत्या उठायला लागली. घरात चला, पाट मांडलेत, म्हणाली. अण्णांनी तिचा पदर धरला.

"आक्का, उठू नको," ते म्हणाले. "दार अडकंल."

दार तेव्हा सताड उघडं होतं. आत्यालाही वारा लागत असणारच. पण ती पुन्हा बसली, आणि जेवणाची ताटं आम्ही गाडीतच नेली.